आमचा दारवाला

ज्या पुस्तकांवर मी अर्धं आयुष्य जीव टाकला, त्यांची मालिका येणार ही बातमी मला नवऱ्याने सांगितली. बिचाऱ्याला वाटलं होतं मी खूश होईन. मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "वाट लावणार." तो म्हणाला, "अजून बघितली कुठे आहेस तू?" मी म्हटलं, "बघायला कशाला पाहिजे?" आणि ती संध्याकाळभर विनाकारण त्याच्यावरच घुश्शात राहिले.

पुस्तकं पाच. इंग्रजी, जाडजूड, उशाला घेतली तर मान अवघडेल अशी. सात दरवाजांचं एक शहर असतं. तिथल्या विहिरी, तळी, नदी, सगळं आटलेलं. एका मुलीला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. राजाला वाटतं ही चेटकीण, म्हणून तिला शहराबाहेर हाकलतात. चौथ्या दरवाजावर एक म्हातारा पहारेकरी असतो, जन्मात कधी दरवाजा सोडून न गेलेला. तो तिला सोडायला म्हणून चार पावलं बाहेर जातो आणि शेवटी तिच्याबरोबरच निघतो. मुलगी पाण्याच्या शोधात पुढे, आणि हा कुरकुरत तिच्या मागे. बाकी राक्षस, मंत्र, लढाया हवं तेवढं आहे, पण माझ्या लेखी गोष्ट या दोघांची.

पुस्तकात या सगळ्यांना लांबलचक नावं आहेत. ती मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ती पहिल्याच दिवशी गळून पडली. आईच्या तोंडात ती बसेनात. तिने मुलीला 'पानीवाली' करून टाकलं आणि म्हाताऱ्याला 'दारवाला'. मीही मनात तेच म्हणते. मालिकेत कोणी त्याला खऱ्या नावाने हाक मारली की मला क्षणभर कळतच नाही, हा कोण नवीन आला.

आईबद्दल आधी सांगायला हवं, कारण ही पुस्तकं जितकी माझी तितकीच तिची. माझं माहेर जूचंद्रचं. आमच्या गावात रांगोळी म्हणजे उंबऱ्यापुढचे चार ठिपके नव्हेत. जमिनीवर बसून रंगाच्या चिमटीने माणसं काढतात, अगदी डोळ्यांतलं पाणी आणि साडीची जरसुद्धा, आणि दिवाळीला त्यांचं प्रदर्शन भरतं. आई हे तिच्या भावाचं बघून बघून शिकली. एखादा मोठा चेहरा भरायचा म्हणजे अख्खा दिवस जातो, कधी दोन. तेवढा वेळ पंखा बंद, खिडक्या बंद, दारातून कोणी भरभर गेलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. हात गुंतलेला आणि कान रिकामे. म्हणून रांगोळी भरणाऱ्यापाशी कोणीतरी बसायचं आणि बोलत राहायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. एकट्याने भरलं तर डोळ्यांवर झापड येते आणि चिमूट सैल सुटते, असं आई म्हणते. बाबा होते तोवर ते बसायचे.

बाबा मिठागरावर कामाला होते. दुपारी घरी आले की भिंतीला टेकून आईच्या रांगोळीसमोर बसायचे आणि प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचे. या देवीचं नाक फेंगडं झालं, तो घोडा गाढवावर गेला. आई म्हणायची, गप बसा, आणि गप बसले की म्हणायची, बोला की. जेवताना त्यांचं रोजचं एक वाक्य ठरलेलं, मीठ कमी. दिवसभर मिठात उभ्या राहिलेल्या माणसाला कुठल्याच कालवणात मीठ पुरेसं लागत नसणार. घराबाहेर पडताना ते कुलूप लावून तीनदा परत यायचे, ओढून बघायला. आम्ही वाटेत उभे राहून त्यांची वाट बघायचो.

मी अकरावीत असताना बाबा गेले. मिठागरावरून आले, पाणी मागितलं, भिंतीला टेकले. आईने पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून रांगोळीही नव्हती. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी गावातल्या एका मंडळाने आईला बोलावलं. ती घरी सरावाला बसली. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि भिंतीकडे बघून नुसतीच बसून राहिली. मग मी तिच्याजवळ जाऊन बसले.

मला बाबांसारखी नावं ठेवता येत नव्हती. बोलायचं तर काय बोलायचं? म्हणून मी पुस्तक घेऊन बसले. पहिला भाग मला वसईत रद्दीच्या दुकानात मिळाला होता, मुखपृष्ठ फाटलेला. माझा तो दोनदा वाचून झाला होता आणि मी तिसऱ्यांदा वाचत होते. डोळे इंग्रजीवर आणि तोंडाने आमच्या घरची बोली, असं वाक्यामागून वाक्य सांगत गेले. आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिने सुरुवातीला मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. मग दारवाला शहराबाहेर पडतो ती जागा आली. तो दहा पावलं जातो, परत येतो, दरवाजा नीट लागलाय का ते ढकलून बघतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. हे पुस्तकातलंच आहे, मी पदरचं काही घातलं नव्हतं. आईची चिमूट थांबली आणि ती हसली. वर्षभरात मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना ऐकलं.

तिथून ते आमचं लागूनच गेलं. कॉलेजातून आले की हातपाय धुऊन पुस्तक उघडायचं. दुसरा भाग झाला. तिसरा मी ओळखीच्या एका बाईंकडून मागून आणला. त्या दिवशी सांगायची पानं मी आधी वाटेत स्वतः वाचून ठेवायची, म्हणजे अडखळायला नको. तर तिसऱ्या भागाच्या मध्यावर एक दोरांचा पूल येतो. मागे राजाचे शिपाई लागलेले. मुलगी पलीकडे पोचते, दारवाला अलीकडेच राहतो आणि पूल कापून टाकतो. चार वाक्यांत मरतो तो. मी ती चार वाक्यं नायगाव स्टेशनजवळच्या रिक्षाच्या रांगेत उभी राहून वाचली. माझा नंबर आला आणि गेला, मी हललेच नाही.

घरी आले तर आई नवं काम घेऊन बसलेली. म्हणाली, "दारवाला पुलावर उबा होता. पुरं काय झाला?"

मी पुस्तक उघडलं. पान समोर होतं. आणि माझ्या तोंडून आलं, "त्याने उडी मारली. पागोटं दरीत गेलं, पण तो वाचला."

"बरा झाला," आई म्हणाली आणि पुढचा रंग उचलला.

त्या वेळी मला ते फार सोपं वाटलं. एक वाक्य तर बदललं. पण पुढे अडीच पुस्तकं बाकी होती आणि त्यात दारवाला कुठेच नव्हता. मुलगी वाळवंटात जाते, तर हा कुठे असेल? ती राक्षसाशी बोलते, तेव्हा हा काय करत असेल? आई तर प्रत्येक पानाला विचारायची, "दारवाला कं हाय?" मग मी त्याला मागे बसवायची, त्याला भूक लागायची, त्याचा गुडघा दुखायचा. त्याला बोलायला काहीतरी द्यावं लागायचं आणि माझ्याकडे लेखकाचे शब्द संपले होते. मग जे शब्द घरात होते ते मी त्याला दिले. राक्षसाच्या घोड्याला तो गाढव म्हणाला. राणीच्या नाकाला नावं ठेवली. शेवटी मुलीचा राज्याभिषेक होतो, मोठी पंगत बसते, तिथे मी त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि पहिला घास घेऊन तो म्हणाला, "मीठ कमी हाय."

आई इतकी हसली की समोरच्या लक्ष्मीच्या गालावरचा रंग उडाला. तो गाल तिने दुसऱ्यांदा भरला आणि भरतानाही हसत होती. मी अठरा वर्षांची होते. मला वाटलं, आपण जगातलं सगळ्यात शहाणपणाचं काम केलंय.

त्या दिवाळीला आईने प्रदर्शनात तो राज्याभिषेक काढला. मधोमध पानीवाली, डोक्यावर मुकुट, आणि उजव्या कोपऱ्यात पागोटं नसलेला एक म्हातारा ताटावर वाकलेला. देवादिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या रांगोळ्यांत ही एक वेगळी, म्हणून बघायला गर्दी. आई उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अख्खी गोष्ट सांगत होती. दुसऱ्या दिवशी वसईहून आलेली एक तरुण बाई रांगोळीसमोर बराच वेळ थांबली आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, सुंदर आहे, पण हा इथे कसा, हा तर पुलावर मेला ना? मी तिला जवळजवळ ढकलतच पुढच्या रांगोळीपाशी नेलं. आईने विचारलं, काय म्हणत होती. मी सांगितलं, झकास झालीये म्हणत होती. हे अर्धं तरी खरं होतं.

पुढे माझं लग्न झालं. मी विरारला आले आणि एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागले. रोज परातभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. पुस्तकं मी नंतर पाचही विकत घेतली, ती कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, आणि कोणी मागितली तर देत नाही. फोनवर आम्हा वाचकांचा एक गट आहे. देशभरातली माणसं, कोणी कोणाला भेटलेलं नाही, आणि कुठल्या पानावर कोण काय म्हणालं यावर भांडणं. त्यात माझा दरारा आहे. मालिकेची जाहिरात आली तेव्हा मी तिथे लिहिलं होतं की ज्याने मूळ गोष्टीला हात लावला त्याला माफी नाही. त्यावर पुष्कळ अंगठे आले.

मालिका दर शुक्रवारी एक भाग अशी येऊ लागली. पहिल्या भागापासून माझी टकळी सुरू. शहराला दरवाजे पाचच, दोन कुठे गेले? मुलीचे केस कापलेले असतात, हिचे कमरेपर्यंत, आणि इतक्या पाण्याच्या टंचाईत धुतलेले. पुस्तकात जो मंत्र ती मनात म्हणते त्याचं यांनी गाणं केलं. नवरा म्हणायचा, बघायचं तर बघ, नाहीतर बंद कर. मी म्हणायची, बंद कशाला करू, मला बघायचंय. हे बोलणं त्याला कळायचं नाही आणि मला समजावता यायचं नाही.

कारण आवडतही होतं, ते कोणाला सांगू? दुसऱ्या भागात मुलगी कोरड्या बारवेत उतरते आणि शेवटच्या पायरीला कान लावते. पुस्तकात हे एका ओळीत आहे. इथे त्यांनी सगळे आवाज बंद केले, तिचा श्वाससुद्धा, आणि मग फार खालून, नुसती चाहूल. मी इतक्या वेळा ती ओळ वाचली होती, पण ते पाणी मला तोवर कधी ऐकू आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी नवऱ्याला सांगितलं, कांदा. समोर कांदा नव्हता. गटात मात्र मी त्या दिवशीही दोन दरवाजांबद्दलच लिहिलं.

आईकडे मी दर रविवारी जाते. माझा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो, त्याने तिला खाली मोठा टीव्ही लावून दिलाय. मालिका हिंदीतही होती, म्हणून एका रविवारी मीच कौतुकाने लावली. खरं तर मला जोडीदार हवा होता, माझ्याबरोबर नावं ठेवायला. आई पहिली दहा मिनिटं पाय पसरून बघत बसली. मग चौथा दरवाजा आला आणि दारवाला बोलला, तशी ती माझ्याकडे वळली. "ह्यो हिंदी कनाला बोलतंय?"

मी म्हटलं, "आये, सगळेच हिंदी बोलतायत."

"सगली बोलू देत. ह्यो आपला हाय."

बाकी तिची काही तक्रार नव्हती. दरवाजे पाच की सात याचं तिला सोयरसुतक नाही. मुलीचे केस तिला आवडले. कपड्यांचे रंग तर इतके आवडले की मध्ये मध्ये थांबवून बघायची, निळ्यात जांभळा किती टाकलाय म्हणून. मी काही बोलायला लागले की म्हणायची, बगू दे गो. दारवाला मालिकेत चांगला उंचापुरा होता, पुस्तकात तो ठेंगणा आहे. आईला विचारलं तर म्हणाली, बसला की सारखाच दिसतो. तिच्या शेजारी बसून बघताना माझा राग उतरत जायचा. रविवारची दुपार, आईने तळलेले बोंबील, आणि समोर माझं शहर, दोन दरवाजे कमी असलेलं. मला वाटायला लागलं, चालतंय की.

आणि मग माझ्या लक्षात आलं, पूल येणार.

हे आधी कसं सुचलं नाही, असं कोणीही विचारेल. मला खरंच सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं दोन्ही गोष्टी डोक्यात बाळगून होते. गटात भांडताना दारवाला पुलावर मेलेला असायचा आणि आईशी बोलताना पंगतीत बसलेला. दोघांची कधी गाठ पडली नव्हती. आता ती पडणार होती, आईच्या खोलीत, मोठ्या पडद्यावर. मी मालिकेच्या बाजूने देव पाण्यात ठेवले. यांनी दोन दरवाजे गाळले, मंत्राचं गाणं केलं, मग एवढं एक मरण गाळायला काय हरकत होती? मुळाबरहुकूम न वागण्याची हीच तर वेळ होती. पण नाही. गटात आधीच बातमी आली की पुढच्या शुक्रवारी पूल आहे आणि तो अगदी पुस्तकासारखा केलाय. सगळे खूश होते.

मी ठरवलं, त्या रविवारी सांगायचं की या आठवड्यात भाग आलाच नाही. पुढचं पुढे बघू. पण आई माझी वाट बघत बसली नव्हती. मालिका लावायला ती कधीच शिकली होती. शनिवारी दुपारी दवाखान्यात माझा फोन वाजला. हातमोजे काढून उचलला तर आई. आवाज चढलेला.

"गो, त्यांनी दारवाल्याला मारला. पुलावर. बुकान असा नाय हाय."

मी फोन घेऊन बाहेर जिन्यात आले.

"तो उरी मारतो. पागोटा जाते नि तो वाचते. त्यांनी बुक वाचलाच नाय. तू त्यांना लिव. तू लिवतंस ना त्या फोनान सगल्यांना?"

इतके आठवडे मी हेच वाक्य घोकत होते, की यांनी पुस्तक वाचलंच नाही. आता ते माझ्या आईच्या तोंडी होतं, माझ्याहून दुप्पट रागाने, आणि या एकाच ठिकाणी मालिका खरी होती. खोटी मी होते. "रविवारी येते," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "सांगून टाक. पंचवीस वर्षं झाली." मी म्हटलं, पंचवीस वर्षं झाली हेच तर आहे.

मला भीती कसली होती ते सांगते. आई रागावेल याची नव्हती. तिच्यासाठी तो म्हातारा पंचवीस वर्षं जिवंत होता. अजूनही कधी कुलूप लावताना मी मागे वळले की ती म्हणते, दारवाली. तो मेलेला आहे हे तिला मी सांगायचं म्हणजे ते पाणी आणायला जाणं पुन्हा एकदा तिच्यावर आणायचं. आणि नाही सांगितलं तर आई अख्ख्या आळीत टीव्हीवाल्यांना शिव्या घालत फिरणार, आणि कोणीतरी शिकलेलं पोर तिला तोंडावर सांगणार, आजी, तुम्हीच चुकताय. ते मला सहन झालं नसतं.

रविवारी मी पिशवीत तिसरा भाग टाकला. निघताना काय वाटलं कोण जाणे, चौथाही टाकला. आई खोलीत बसून रंग चाळत होती. मी समोर बसले, पुस्तक उघडलं, पुलाचं पान काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिला ते वाचता येणार नव्हतं, तरी धरलं.

"आये, बुकात तो मरतो. त्यांनी बरोबर केलंय. मी तुला खोटं सांगितलं."

चाळणी थांबली. "कवा?"

"तेव्हाच. पुलाच्या पुढचं त्याचं सगळं मी बनवलेलं होतं."

तिने त्या पानावर वाकून बघितलं. मग म्हणाली, "ती बाय आलेली प्रदर्शनाला. ती हाच बोलत होती?"

"हो."

"सगल्या गावानं बगितली ती रांगोली." ती थोडी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मेलेल्याला जेवाला बसवला मी."

मी म्हटलं, "मी बसवला."

तिने चाळणी बाजूला ठेवली आणि हात पदराला पुसले. "मंग मीठ कमी कोन बोलला?"

उत्तर तिला माहीत होतं. मी विचारलं, "तुला तेव्हा ओळखू आलं नाही? बाबांचंच वाक्य होतं ते."

"आला की," आई म्हणाली. "पन मना वाटला, तिकरं पन अशीच मानसा असतान. कं लांब कोन बसलाय लिवत, त्याचे घरान पन कोनतरी मीठ कमी बोलत असल. मना बरा वाटला होता."

हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी समजत होते, मी तिला बाबा परत आणून दिले. तिला मिळालं होतं ते वेगळंच, आपलं माणूस जगात एकटंच तसं नव्हतं हा दिलासा, आणि तो मी आत्ताच काढून घेतला होता. मला रडू आलं. या वेळी कांद्याचं नाव घेतलं नाही.

तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "वाच तो. खराखुरा वाच. काय सोरू नको."

मी वाचलं. चार वाक्यं. दारवाला पुलाच्या अलीकडे उभा राहतो. तो तिला जायला सांगत नाही, काहीच सांगत नाही. सुरी काढतो आणि दोर कापतो. मुलगी पलीकडून बघते तेव्हा तिथे पूलही नसतो आणि तोही नसतो. मालिकेत याला सात मिनिटं लागली होती आणि मागे गाणं होतं. घरच्या बोलीत सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"एवराच?"

"एवढंच."

आई भिंतीकडे बघत होती, बाबा टेकायचे त्या भिंतीकडे नव्हे, समोरच्या, जिथे टीव्ही आहे. "चांगला लिवलाय," ती म्हणाली. "असाच असते. काय बोलत नाय मानूस. टीवीवाल्यांनी उगाच रडवला त्याला." मग पदराने डोळे पुसले, स्वतःचे आधी आणि मग माझे, आणि तोच पदर रंगाने भरलेला असल्याने माझा गाल निळा झाला. ते मला विरारला घरी गेल्यावर कळलं.

मी पुस्तक मिटून पिशवीत घालायला लागले तर तिला चौथा भाग दिसला. "त्यो कंचा?"

"पुढचा. त्यात तो नाहीये, आये. कुठेच नाहीये."

ती उठली, पंखा बंद केला आणि खिडकी लावून घेतली. पाटावर बसून तिने जमिनीवर पांढऱ्या रंगाचा पहिला थर पसरला. काय काढणार ते सांगितलं नाही.

"वाच," म्हणाली. "पन त्याला घे."

मी चौथा भाग उघडला. पहिल्या पानावर मुलगी वाळवंटाच्या तोंडाशी एकटी उभी आहे, तिच्या मागे कोणी नाही असं स्पष्ट लिहिलंय. मी ते वाक्य डोळ्यांनी वाचलं. मग आईला सांगितलं, की मुलगी वाळवंटाच्या तोंडाशी उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, चला लवकर, किती वेळ लावता.